काळ्या मातीवरचं अंगण: सांगलीत घराबाहेर बसायची जागा करताना

आमचं घर सांगली-मिरज रस्त्याच्या आतल्या बाजूला आहे, पूर्वी जिथं ऊस उभा असायचा तिथं. घरापुढं २६ बाय १८ फुटांचा मोकळा तुकडा. घर बांधून झालं तेव्हा पैसे संपले होते, हौस तेवढी शिल्लक होती. मोबाइलवर फोटो बघून बघून अंगणाचं चित्र डोक्यात पक्कं बसलं होतं: राखाडी पेव्हर ब्लॉक, पांढऱ्या खुर्च्या, वर दिव्यांच्या माळा. मे महिन्यात माती सपाट केली, तिच्यावर दोन इंच कच, म्हणजे खडीचा बारीक चुरा, पसरली आणि ब्लॉक बसवून घेतले. चार दिवसांत काम फत्ते. वास्तुशांतीला न आलेले पाहुणेसुद्धा अंगण बघायला येऊन गेले.

जुलैत मधले ब्लॉक फुगून वर आले आणि कडेचे खचले. पावसाचं पाणी गेटकडं जायचं सोडून उंबऱ्याशी येऊन थांबायला लागलं. पुढच्या मार्चमध्ये त्याच जागी, ब्लॉकच्या दोन ओळींच्या मधे, पाच रुपयांचं नाणं उभं जाईल एवढी फट पडली. मुलानं खरंच टाकून बघितलं. ते नाणं अजून खालीच आहे.

दुसऱ्यांदा ज्या गवंडीमामांना बोलावलं, त्यांनी एक ब्लॉक उचकटला आणि खालचं ढेकूळ काढून माझ्यापुढं धरलं. वाळून दगड झालेलं. त्यावर तांब्यातलं पाणी ओतलं, तसं ते हळूहळू सुटत, फुगत गेलं आणि लोण्यासारखं बोटांतून निसटायला लागलं. "वैनी, ही माती पाणी प्याली की फुगतीया, वाळली की भेगाळतीया. हिच्यावर डायरेक्ट कायबी ठिवायचं न्हाई."

म्हणून इथला क्रम त्या ढेकळापासून धरला आहे. आधी माती, मग पाणी, मग ऊन, त्यानंतर बसणं. सजावट सगळ्यात शेवटी, आणि ती वाटते त्यापेक्षा फार थोडी लागते. मी सजावटीकडून सुरुवात केली म्हणून एकच काम दोनदा केलं, आणि दुसऱ्या वेळी पहिलं काढायची मजुरी वर दिली.

पंधरा दिवस काही विकत घेऊ नका

एक वही घ्या, टेप घ्या आणि अंगणाचा नकाशा काढा. सुबक नको, मापं खरी हवीत. घराची भिंत, गेट, बोअर, पाण्याची टाकी, ड्रेनेजचं झाकण, गच्चीवरून उतरणारा पावसाच्या पाण्याचा पाइप, सगळं दाखवा. मग घरातल्यांना विचारा की या जागेत वर्षभरात काय काय होतं. हा प्रश्न मी पहिल्या वेळी विचारलाच नव्हता. ब्लॉक बसल्यावर सासूबाईंनी विचारला, "आणि मिरच्या कुठं वाळवायच्या गं? तुझ्या त्या खुर्च्यांवर?"

त्यांचं बरोबर होतं. आपल्याकडं फेब्रुवारी-मार्चपासून अंगणाचं खरं काम सुरू होतं. वर्षाच्या चटणीच्या मिरच्या, फोडलेली हळकुंडं, कुरडया, सांडगे. त्यासाठी सकाळपासून चारपर्यंत कडक ऊन लागणारा, निदान ६ बाय ८ फुटांचा स्वच्छ तुकडा हवाच. बसायला सावली पाहिजे, वाळवणाला ऊन. दोन्ही एकाच जागी होणार नाही हे नकाशावरच कळलेलं बरं. कपड्यांची दोरी, दोन दुचाकी (एकीला साधारण ७ बाय ३ फूट), तुळस आणि उंबऱ्यापुढची रांगोळी हेही त्याच वहीत लिहा. रांगोळीचं म्हणाल तर पेव्हरच्या सांध्यांवर ठिपके बसत नाहीत. दारापुढं ३ बाय ३ फुटांची एक गुळगुळीत शहाबादी फरशी ठेवा, घरातल्या बायका दुवा देतील.

आता ऊन. सांगली साधारण १७ अंश उत्तर अक्षांशावर आहे, त्यामुळं सूर्य वर्षातून दोनदा बरोबर डोक्यावर येतो, मेच्या ७-८ तारखेच्या आसपास आणि पुन्हा ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात. डिसेंबरात मात्र तो दक्षिणेकडं कलतो आणि १० फुटी भिंतीची भरदुपारची सावली उत्तरेला साडेआठ फुटांपर्यंत जाते. जूनमध्ये त्याच भिंतीची दुपारची सावली उलटी, दक्षिणेला, आणि जेमतेम फूटभर. म्हणजे घराच्या उत्तरेचं अंगण हिवाळ्यात गारठलेलं आणि उन्हाळ्यात भर दुपारी उघडं पडतं. दक्षिणेचं अंगण हिवाळ्यात उबदार. पश्चिमेच्या अंगणाची दया यावी अशी स्थिती. चारनंतरचं ऊन तिथं थेट तोंडावर येतं.

हे सगळं पाठ करायची गरज नाही. एक प्लास्टिकची खुर्ची घ्या. सकाळी आठला, दुपारी एकला, संध्याकाळी पाचला आणि जेवणं झाल्यावर, जिथं बसावंसं वाटतं तिथं ती नेऊन ठेवा आणि खाली खडूनं खूण करा. पंधरा दिवसांत खुणांचा एक पुंजका तयार होतो. तीच तुमची बसायची जागा. आमच्याकडं तो पुंजका मी ठरवलेल्या मधल्या जागेत आलाच नाही, स्वयंपाकघराच्या दाराबाहेर, पूर्वेच्या कोपऱ्यात आला. चहा तिथूनच येतो ना!

जागा ठरली की चुन्याच्या फक्कीनं रेघा मारा. चौघांच्या खुर्च्या आणि मधे टीपॉय याला १० बाय १० फूट लागतात, सहा जणांना १२ बाय १४. खुर्ची मागं सरकवायला अडीच फूट, चालायच्या वाटेला तीन फूट. फक्कीच्या रेघांमध्ये खरोखर खुर्च्या मांडून एक संध्याकाळ काढा. रेघ पुसायला पैसे पडत नाहीत.

काळी माती काढायची किती आणि भरायचं काय

बसायच्या जागेपुरतीच काळी माती फूटभर खोल काढा. सगळं अंगण खणू नका. बाकीची जागा झाडांना लागणार आहे आणि त्यांना ती माती आवडते. फुटाचा हिशेब असा: खाली ८ इंच मुरूम, त्यावर दीड इंच कच, आणि सर्वांत वर अडीच इंचांचा, म्हणजे ६० मिलिमीटरचा ब्लॉक. बेरीज १२ इंच. जिथं चारचाकी येणार तिथं ८० मिलिमीटरचा ब्लॉक घ्या आणि मुरूम आणखी चार इंच वाढवा.

मुरूम एकदम ओतून वरून रोलर फिरवला की वरचं घट्ट होतं आणि खालचं पोकळ राहतं. चार-चार इंचांचे दोन थर करायचे. प्रत्येक थर पसरायचा, पाणी मारायचं, रात्रभर मुरू द्यायचं आणि दुसऱ्या दिवशी धुम्मसानं किंवा भाड्याच्या प्लेट कॉम्पॅक्टरनं चोपायचं. चोपलेल्या थरावर टाच जोरात मारली तर खूण उठता कामा नये. मिस्त्री "झालं की" म्हणाले तरी टाच मारून बघा. त्यांना राग येत नाही, उलट पुढचा थर जरा मन लावून चोपतात.

किती मागवायचा? १२ बाय १४ फुटांची जागा १६८ चौरस फूट. त्यावर ८ इंच म्हणजे ११२ घनफूट, पण हे चोपल्यावरचं माप. सैल मुरूम बसतो, म्हणून दीड ब्रास, म्हणजे १५० घनफूट, सांगा. मुरूम तांबडा, खडा असलेला हवा. मुठीत दाबल्यावर गोळा होऊन चिकटला तर त्यात माती जास्त आहे, परत पाठवा.

एक गोष्ट मामांकडून शिकले. खड्ड्याचा तळ सपाट ठेवला तर काळ्या मातीत एक बशी तयार होते. मुरमातून झिरपलेलं पाणी त्या बशीत साचतं आणि खालची माती पुन्हा फुगते. म्हणून तळालाही वरच्याइतकाच उतार द्यायचा आणि त्याच दिशेला. परवडत असेल तर माती आणि मुरूम यांच्यामध्ये जिओटेक्स्टाइल कापड टाका, चिखल वर चढत नाही. कडेला विटांची किंवा काँक्रीटची पट्टी पक्की बांधा. कड सुटली की पेव्हर एकमेकांपासून सरकायला लागतात, मग मधल्या कामाचा काही उपयोग राहत नाही.

मुरूम चोपून झाला, कच पडायची आहे, त्या दिवशी मुरमात चर काढून दोन इंची पीव्हीसी पाइपचे दोन रिकामे तुकडे आरपार पुरून ठेवा, तोंडं बुचानं बंद करून. पुढं दिव्याची वायर किंवा ठिबकची नळी न्यायची झाली तर फरशी फोडावी लागत नाही. शंभर-दोनशे रुपयांचं काम, आणि नंतर आठवतं तेव्हा उशीर झालेला असतो.

पाणी

१२ बाय १४ च्या जागेवर ५० मिलिमीटर पाऊस पडला तर पावणेआठशे लिटर पाणी जमतं. चार पिंपं. ते कुणीकडं जाणार हे आपण ठरवायचं, नाहीतर ते उंबऱ्याकडं जायचं ठरवतं.

घरापासून बाहेरच्या बाजूला, १४ फुटांत दोन इंच एवढा उतार पुरतो. यापेक्षा जास्त दिला तर टीपॉय तिरका बसतो. उतार डोळ्यांनी ठरवू नका. पारदर्शक नळीत पाणी भरून केलेला लेव्हल पाइप प्रत्येक गवंड्याकडं असतो. दोन्ही टोकांना खुंट्या ठोका, लेव्हल घ्या, बाहेरच्या खुंटीवर दोन इंच खाली खूण करा आणि दोरी बांधा. पाणी रस्त्यावर सोडण्याऐवजी झाडांच्या वाफ्यात सोडलं तर उत्तम, फक्त वाफ्यातून जास्तीचं पाणी पुढं जायला वाट ठेवा.

घराच्या भिंतीला लागून अडीच-तीन फुटांचा पक्का पट्टा, ज्याला इंजिनिअर प्लिंथ प्रोटेक्शन म्हणतात, तो बाहेरच्या उतारानं करून घ्या. काळ्या मातीत पायाजवळची माती ओली-सुकी होत राहिली की भिंतींना तिरक्या चिरा जातात. त्याच कारणानं भिंतीला चिकटून रोज पाणी लागणारे वाफे करू नयेत. आणि गच्चीचा पाइप अंगणात मोकळा सोडलेला असेल तर आधी त्याचा बंदोबस्त करा. गच्चीचं सगळं पाणी एका जागी आदळतं तिथं कुठलीही फरशी टिकत नाही.

वर काय बसवायचं

काळ्या मातीवर अखंड काँक्रीट ओतून त्यावर टाइल लावण्यापेक्षा सुटे तुकडे बरे, असं माझं मत झालं आहे. काँक्रीटला चीर गेली की ती कायमची. ब्लॉक खचला तर चार ब्लॉक उचला, खाली कच भरा, परत बसवा. हे काम आता मी स्वतः करते.

शहाबादीही छान. खडबडीत पृष्ठाची घ्या, पाय घसरत नाही. ती चुनखडीचा दगड असल्यामुळं लिंबू, चिंच, बाथरूम धुवायचं ॲसिड यांनी डाग पडतात, एवढं सांभाळायचं. कडप्पा काळा, कट्ट्यावर शोभतो, पण उन्हातल्या जमिनीवर घातलात तर मे महिन्यात अनवाणी पाऊल टाकून दाखवा. चकचकीत व्हिट्रिफाइड टाइल पावसात घसरगुंडी होते. बोअरचं पाणी जड असेल तर गडद रंगाच्या ब्लॉकवर पांढरे क्षार लगेच दिसतात. फिका राखाडी किंवा मातकट रंग बरा.

सावली

सांगलीत अंगण वापरात येतं की नुसतं दिसायला राहतं हे सावलीवर ठरतं. मेमध्ये पारा चाळिशीकडं जातो तेव्हा पत्र्याची शेड म्हणजे तवा, आणि पावसात ताशा. पॉलिकार्बोनेटच्या प्लास्टिक पत्र्याखाली उजेड येतो, सोबत ऊबही येते. मला वेलीचा मांडव सगळ्यांत पसंत आहे, आणि त्यासाठी लागणारं सामान आपल्या जिल्ह्यात मुबलक मिळतं. तासगाव, मिरज भागात द्राक्षबागा काढल्या जातात तेव्हा जुने लोखंडी अँगल आणि तारा भंगारात येतात. गंज वरवरचा आहे की आत गेला आहे ते हातोडीनं ठोकून बघा. खणखणीत वाजला तर घ्या. घासून रेड ऑक्साइडचा एक हात आणि ऑइलपेंटचे दोन हात द्या.

खांबांचे खड्डे निदान अडीच फूट, किंवा मुरूम लागेपर्यंत. भेगाळणाऱ्या थरात उभा केलेला खांब दोन उन्हाळ्यांत कलतो. खांबाभोवतीचं काँक्रीट जमिनीच्या दोन इंच वर आणून उतरतं करा, म्हणजे बुडाशी पाणी थांबत नाही. अँगल नेहमी तिथंच सडतो. मांडवाची उंची साडेआठ फूट ठेवा. वेल भरला की तो फूटभर खाली लोंबतो.

मग आता द्राक्षच लावू या, असं प्रत्येकाला वाटतं. आमच्याकडं येणारा प्रत्येक पुण्याचा पाहुणा हेच सुचवतो. नका लावू. द्राक्षाची खरड छाटणी एप्रिलमध्ये असते, म्हणजे ऐन उन्हात, सावली हवी तेव्हाच, मांडव बोडका होतो. पावसाळ्यात डावणी, पुढं थंडीत भुरी, हे बुरशीचे रोग, आणि त्यावरच्या फवारण्या. ज्या वेलीखाली बसून आपण पोहे खाणार तिच्यावर बुरशीनाशक मारायचं का? द्राक्ष शेतात शोभतं.

मधुमालती लावा. दणकट आहे, पाणी कमी चालतं, फुलं पांढरी उमलून गुलाबी, मग लाल होतात आणि संध्याकाळी वास सुटतो. वाढ मात्र दांडगी. जानेवारीत कात्री चालवावी लागते. जाई नाजूक, सावली विरळ, पण पावसाळ्यातल्या रात्री तिच्यासाठी जागावं. दोन्ही एकाच मांडवावर नकोत, मधुमालती जाईला गिळते. मांडव भरेपर्यंत दोन उन्हाळे जातात. तोवर जानेवारीअखेर दोडका किंवा कारलं टोका. मार्च सरता सरता पानं वर चढलेली असतात आणि भाजीही निघते.

शेडनेट टाकायची असेल तर झाडांवर ५० टक्क्यांची, माणसांवर ७५ टक्क्यांची. हिरवी नेट टाळा, खाली बसलेली माणसं आजारी दिसतात. काळी किंवा मातकट घ्या. आणि ती तारेनं कायमची आवळू नका, हुकांवर अडकवा. एप्रिल-मेमधल्या वळवाच्या आधी जे वारं सुटतं ते अर्ध्या तासात नेट फाडतं, कधी खांबासकट उचलतं. आभाळ भरलं की दोघांना पाच मिनिटांत उतरवता आली पाहिजे.

पश्चिमेला मांडवाचा उपयोग चारनंतर संपतो, कारण ऊन बाजूनं येतं. तिथं उभा आडोसा लागतो: बांबूचा चिकाचा पडदा, किंवा तारांवर चढवलेला वेल.

झाडं

झाड निवडताना ते किती उंच होतं हे सगळे विचारतात. ते बोडकं कधी होतं हे कुणी विचारत नाही. बहावा फुलतो तेव्हा वेड लावतो, पण फुलायच्या आधी पानं टाकतो, म्हणजे एप्रिलमध्ये सावली शून्य. सीताफळाचंही तसंच. करंज मात्र मार्चमध्ये पानं बदलतो आणि एप्रिलला हिरवागार उभा राहतो. जागा असेल तर त्याच्यासारखी सावली नाही. करंज, कडुनिंब घरापासून १५-२० फुटांवर ठेवा. छोट्या अंगणाला देवचाफा चांगला: हिवाळ्यात पानं झडतात आणि कोवळं ऊन खाली येतं, मेपर्यंत पुन्हा भरतो. पारिजातकाखाली खुर्ची मांडू नका. तो सकाळी सडा घालतो आणि आपण फुलांवर पाय देत बसतो. त्याला थोडं बाजूला, जिथून बसल्या बसल्या दिसेल तिथं लावा. लहान मुलं असतील तर कण्हेर नको, तिचा प्रत्येक भाग विषारी आहे.

मांडवाखालच्या अर्धवट सावलीत काय येतं याचं उत्तर जिल्ह्याच्या ओळखीतच आहे. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आणि आपल्याच घरात कुणी हळद शोभेला लावत नाही! मे-जूनमध्ये चार-पाच गड्डे लावा. पावसाळाभर ती रुंद, झुपकेदार पानं कुठल्याही विकतच्या शोभेच्या झाडापेक्षा देखणी दिसतात. नऊएक महिन्यांनी पानं वाळली की खणून काढा. शेजारी अळू आणि आलं.

कुंड्यांमध्ये नुसती काळी माती भरू नका, ती आवळून कडेनं सुटते आणि पाणी फटीतून निघून जातं. एक भाग माती, एक भाग कुजलेलं शेणखत, एक भाग कोकोपीट किंवा भाताचा तूस, तळाला विटांचे तुकडे. वाफ्यांवर उसाचं पाचट पसरा. ओल टिकते आणि भेगा पडत नाहीत. फक्त लाकडी बाकाच्या पायांपासून ते लांब ठेवा, वाळवी येते. पाण्यासाठी शेतीच्या दुकानातून ठिबकची १६ मिलिमीटरची नळी (लॅटरल) आणि तासाला ४ लिटर पाणी सोडणारे ड्रिपर आणा. अर्धा तास कॉक उघडला की प्रत्येक झाडाला दोन लिटर. गावाला गेलात तर शेजाऱ्यांना एवढंच सांगायचं: कॉक अर्धा तास.

बसणं, दिवे

फर्निचरच्या दुकानात जायच्या आधी कट्टा बांधा. उंची १७-१८ इंच, रुंदी निदान १६ इंच, पाठीला भिंत किंवा तिरका टेकू. पाहुणे वाढले तरी कट्टा पुरतो, पावसात भिजला तरी तक्रार करत नाही, आणि कडेला कुंड्या मांडता येतात. त्यावर धुवायला निघणाऱ्या खोळींच्या गाद्या टाका, रात्री आत घ्या. खुर्च्या दोन-तीनच, हलक्या. झोपाळा हवाच असेल तर पुढं-मागं साडेतीन-चार फूट मोकळे ठेवा आणि कड्या स्लॅबच्या बीमला मारा. मांडवाच्या अँगलला झोपाळा टांगू नका.

दिवे थोडे आणि पिवळसर, ३००० केल्विनच्या खालचे. पांढऱ्या प्रकाशावर पावसाळ्यात किडे जास्त येतात. दिवा डोक्यावर टांगण्यापेक्षा भिंतीवर किंवा झाडाच्या बुंध्यावर पडेल असा लावा. बाहेरची लाइन वेगळ्या एमसीबीवर, ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीसकट (वीज गळली की लाइन तोडणारा स्विच), आणि फिटिंग आयपी ६५, म्हणजे धूळ-पाणी आत न जाणारं. यात काटकसर नको.

नदीकाठच्या घरांसाठी

कर्नाळ रस्ता, सूर्यवंशी प्लॉट, मारुती चौक या बाजूला राहणाऱ्यांचं गणित वेगळं. आयर्विन पुलाशी कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट; २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. २००५ आणि २०२१ ही वर्षंही तिथल्या भिंतींवर खुणा ठेवून गेली. तुमच्या घराच्या भिंतीवर ती खूण कुठं आहे ते बघा, आणि अंगणाचे सॉकेट, मोटारीचा स्टार्टर तिच्या वर घ्या. कट्टा दगडाचा किंवा सिमेंटचा. लाकूड आणि प्लायवूड बाहेर नकोच. खुर्च्या एकावर एक बसणाऱ्या, अर्ध्या तासात वरच्या मजल्यावर जातील अशा. रिकामी टाकी आणि मोठ्या प्लास्टिकच्या कुंड्या तरंगतात, त्यांना बांधायला भिंतीत एक-दोन कड्या ठेवा. पूर ओसरला की गाळ ओला असतानाच ओढून काढा. एकदा वाळला की तो ब्लॉकच्या सांध्यांत बसतो आणि पाणी मुरणं बंद होतं.

शेवटचं काम

ब्लॉकचे सांधे बारीक वाळूनं भरून झाले तरी गवंड्यांचा हिशेब पूर्ण करू नका, थोडे पैसे मागं ठेवा. पहिला जोराचा वळीव येऊ दे. पाऊस थांबल्यावर वीस मिनिटांनी खडू घेऊन बाहेर या आणि जिथं जिथं पाणी थांबलंय त्याभोवती गोल काढा. आमच्या दुसऱ्या अंगणात असे तीन गोल निघाले. मामांनी दुसऱ्या दिवशी येऊन तेवढेच ब्लॉक उचलले, खाली कच भरली, लाकडी ठोकळ्यानं ठोकून बसवले आणि मग उरलेले पैसे मोजून घेतले. पांढऱ्या खुर्च्या आम्ही त्यानंतर आणल्या. दोनच. बाकीचे सगळे कट्ट्यावर बसतात, आणि मार्चमध्ये मिरच्या वाळतात तेव्हा त्या खुर्च्या चिमण्या हाकलायला बसणाऱ्या सासूबाईंच्या ताब्यात असतात.